जिमी बार्न्स यांना, इचलकरंजीच्या एका घराकडून

श्री. जिमी बार्न्स यांना,
सप्रेम नमस्कार.

मी इचलकरंजीची. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे अ‍ॅडलेडला आले, तेव्हा तुमच्या कोल्ड चिझल या रॉक बँडचं नावही मी ऐकलेलं नव्हतं. इथे येऊन गाणी कानावर पडली, आवडली. पण हे पत्र लिहितेय ते तुमच्या लहानपणावरच्या, २०१६ साली आलेल्या 'वर्किंग क्लास बॉय' या पुस्तकासाठी. मराठीत लिहितेय, कारण ज्यांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं, ती माणसं मराठी घरांत राहतात आणि गप्प बसतात. तुमच्यापर्यंत हे पोचलं तर आनंदच आहे.

मी अ‍ॅडलेडच्या उत्तरेकडच्या भागात वृद्धांच्या एका निवासात काम करते. तुम्ही वाढलात ते एलिझाबेथ उपनगर तिथून जवळ. आमच्याकडच्या कितीतरी आजी-आजोबांची हयात होल्डनच्या मोटार कारखान्यात गेली. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये तो बंद झाला तेव्हा त्यांच्यातले काही जण दिवसभर जेवले नव्हते. त्यांच्यातल्याच एका आजींनी तुमचं पुस्तक माझ्या हातात दिलं. "हा आमच्या एलिझाबेथचा पोरगा," म्हणाल्या. "वाच. पण एका बैठकीत वाचू नकोस."

त्यांनी बरोबर सांगितलं होतं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या काउकॅडन्स भागातून, सवलतीच्या तिकिटावर बोटीत बसून १९६२च्या जानेवारीत अ‍ॅडलेडला उतरलेलं तुमचं कुटुंब, नव्या देशात सगळं सुधारेल ही आशा, आणि बरोबर आलेली दारू. वडील पैजेच्या कुस्त्यांसारख्या मुष्टियुद्धात उतरणारे. पगार घरी पोचायच्या आधीच संपलेला. आई-वडिलांची मारामारी, आणि अंथरुणात जागी असलेली पोरं. मी पुस्तक मिटलं आणि बरेच दिवस उघडलंच नाही. दहा हजार किलोमीटर दूरच्या दुसऱ्याच कुणीतरी आमच्या घरातल्या रात्री लिहून ठेवल्या होत्या.

माझे वडील मागावर कामाला होते. हात चांगला होता त्यांचा. तुटलेला धागा इतक्या चपळाईने जोडायचे की बघत राहावं. पगाराच्या रात्री मात्र ते गुत्त्यावरून कधी येतील आणि कसे येतील, एवढाच विचार घरात असायचा. आई भाकरी करून ताट झाकून ठेवायची, आणि आम्हा बहिणींना चपला दाराजवळच ठेवायला सांगायची. पळावं लागलं तर शोधाशोध नको म्हणून.

हे मी आजपर्यंत कुठेही लिहिलेलं नाही. लिहायचं नसतं, असंच आम्हाला शिकवलं गेलं. गावात वजन असलेले आमचे एक पाहुणे होते. आई त्यांच्याकडे गेली, तर त्यांनी तिलाच समजावलं, घरातलं घरात ठेवावं, पोरींची लग्नं व्हायचीत. एकदा ओठ फुटलेला असताना ती चौकीत गेली. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि रिक्षात बसवून परत पाठवली. ज्यांच्याकडे अधिकार होता, शिक्षण होतं, चार लोक ज्यांचं ऐकत होते, त्यांच्यापैकी एकालाही आमचं दार वाजवावंसं वाटलं नाही. मला त्याचा राग आहे. तो कमी व्हावा असं मला अजून वाटत नाही.

आई आता तिकडे धाकट्या बहिणीजवळ असते. रविवारी आमचा फोन असतो. एका रविवारी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून मी तिला तुमची गोष्ट सांगायला लागले. गाणी, बँड वगैरे न सांगता, जिमी नावाचा एक गोरा पोरगा होता, त्याचे वडील प्यायचे, असं. ती काहीच बोलली नाही. मला वाटलं चुकीचा विषय काढला. पुढच्या रविवारी फोन उचलल्या उचलल्या तिने विचारलं, "पुढं काय झालं गं त्या जिम्याचं?"

मग दर रविवारी थोडं थोडं. मी आठवडाभर पुढचा भाग वाचून ठेवायची. तुमची आई घर सोडून गेली, तो भाग सांगताना मी घाबरले होते. कारण माझ्या आईने कधी आम्हाला सोडलं नाही, आणि गेलेल्या बाईबद्दल ती काय म्हणेल याचा मला अंदाज नव्हता. ती एवढंच म्हणाली, "तिचं बी काय चुकलं? जिवंत ऱ्हायला नको?"

मग रेज बार्न्स आले. तुमच्या आईशी लग्न करून त्यांनी सगळ्या लेकरांना छप्पर दिलं. दुसऱ्याची पोरं, त्यातही मार खाऊन बिथरलेली. ती आपली म्हणून घरात घेणारा माणूस. आईने विचारलं, "आल्या आल्या जेवायला घातलं का त्यानं पोरांना?" म्हटलं, घातलंच असेल गं. "घातलं असंल," ती स्वतःशीच म्हणाली. "असली माणसं आधी जेवायला घालत्यात."

आणि त्या दिवशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तिने जॉबरकाकांचं नाव काढलं.

ते आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत राहायचे. वडिलांच्याच कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे, होते; एकटेच असायचे. पगाराच्या रात्री ते दाराला कडी घालायचे नाहीत. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनीही कधी बोलून दाखवलं नाही, पण आम्हाला ठाऊक होतं की ते दार ढकललं की उघडतं आणि आत सतरंजी अंथरलेली असते. त्याच काकांनी माझ्या प्रगतिपुस्तकावर 'पालकांची सही' या ओळीवर सही केली होती, कारण वडील शुद्धीत नव्हते आणि आईला सही येत नव्हती. बाईंनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, काका. आई म्हणाली, "मी त्या माणसाला कधी धड धन्यवाद बी दिलं न्हाईत. लोक काय म्हणतील म्हणून."

जॉबरकाका आता नाहीत. आईच्या तोंडून त्यांच्याबद्दल ऐकायला मिळालं ते तुमच्यामुळे. तुमच्या पुस्तकाने माझ्या आईचं तोंड उघडलं, जिमी. ज्या बाईने फुटलेल्या ओठाचं कारण आयुष्यभर 'न्हाणीत पाय घसरला' असं सांगितलं, ती आता रविवारी मला खरं काय घडलं ते सांगते. कधी रडते, कधी वडिलांची चांगली आठवणही सांगते. दोन्ही सांगते.

तुमच्या सगळ्या आयुष्यातली मला सगळ्यात मोठी वाटलेली गोष्ट कुठल्याही स्टेजवर घडलेली नाही. जन्मतः तुम्ही जेम्स डिक्सन स्वान. तुमचे थोरले बंधू जॉन, ज्यांनी तुम्हाला गायला लावलं, ते स्वानच राहिले आणि स्वानी म्हणून गाजले. तुम्ही मात्र रेज यांचं आडनाव घेतलंत. आज ऑस्ट्रेलियात कुठेही 'बार्न्सी' म्हटलं की माणसं हसून मान डोलावतात. आल्बमवर, पोस्टरवर, २०१७ साली मिळालेल्या 'ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया'च्या सन्मानावर जे नाव आहे, ते त्या सावत्र वडिलांचं आहे. ते काही गाण्याबजावण्याने गाजलेले नव्हते. एका तुटलेल्या घरात ते शांतपणे उभे राहिले, आणि तुम्ही त्यांना पन्नास वर्षं सगळ्या देशासमोर आपल्याबरोबर ठेवलंत.

याचं मोल आमच्याकडच्या माणसाला जरा जास्तच कळेल. आमच्याकडे नाव लिहायचं म्हणजे मध्ये वडिलांचं नाव आलंच. शाळेचा दाखला, रेशनकार्ड, परीक्षेचा फॉर्म, पासपोर्ट, सगळीकडे. बाप कसाही असो. आता महाराष्ट्रात नियम बदललाय, १ मे २०१४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव सक्तीने येतं, आणि ते फार चांगलं झालं. पण ज्याने सतरंजी अंथरून ठेवली, त्याचं नाव लिहायला अजूनही कुठे रकाना नाही. तुम्ही तो स्वतःच्या आडनावात केलात. पोरवयात केलेली ही एवढीशी गोष्ट, पण ती वाचल्यावर मी कितीतरी वेळ बसची वाट बघत थांब्यावरच बसून होते आणि दोन बसेस सोडल्या.

आता तुमची गाणी मला वेगळी ऐकू येतात. मागाच्या खात्यात माणसाला शेजारच्याशी बोलायला जसा घसा ताणावा लागतो, तसा तुमचा आवाज आहे. १९७३ साली अ‍ॅडलेडमध्ये जमलेला तो बँड, डॉन वॉकर यांची गाणी, इयन मॉस यांची गिटार, आणि मध्ये सतरा वर्षांचं पोरगं जिवाच्या आकांताने गातंय. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकावरचं 'खे सान' हे तुमचं पहिलंच गाणं रेडिओसाठी अयोग्य ठरवलं गेलं होतं. आज इथल्या लग्नांत, पबमध्ये, फुटबॉलच्या मैदानावर लोक ते तोंडपाठ म्हणतात. परत आल्यावर कुठेच जीव न लागणाऱ्या माणसाचं गाणं एवढ्या लोकांना आपलं का वाटतं, याचं उत्तर मला एलिझाबेथच्या आजोबांकडे बघून मिळतं. १९८३ साली बँड फुटला, तुम्ही एकटे उभे राहिलात, एकामागून एक आल्बम पहिल्या क्रमांकावर गेले. त्याबद्दल इथे सगळ्यांना माहिती आहे, मी काय सांगणार.

मला सांगायचंय ते हे की तुम्ही स्वतःलाही सोडलं नाहीत. वडिलांची दारू लिहिलीत, तशी स्वतःचीही लिहिलीत. थोरला मुलगा डेव्हिड आजीजवळ वाढला आणि तुम्ही आपले वडील आहात हे त्याला बऱ्याच उशिरा कळलं, हे लिहिलंत. २०१२ साली ऑकलंडच्या हॉटेलात तुम्ही जीव द्यायला निघाला होतात, तेही दुसऱ्या पुस्तकात सांगितलंत. नाव, पैसा, जेन यांच्यासारखी खंबीर बायको, भरलेलं घर, सगळं असतानाही लहानपणीच्या त्या रात्री माणसाला गाठतात, हे इतक्या सरळ शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, आता आपण सुखात आहोत, तर दार जोरात आपटलं की छातीत धडधडतं ते का? माझाच काहीतरी दोष. तुमचं वाचून मी इथल्या डॉक्टरांकडे गेले आणि पहिल्या भेटीतच सगळं बोलले. तोवर मी त्यांना फक्त झोप लागत नाही एवढंच सांगत आले होते.

लॉकडाऊनमध्ये तुम्ही आणि जेन घरात बसून रोज गाणी म्हणायचात, ते व्हिडिओ मी आमच्या निवासात टॅबवर लावायची. बाहेरचं कुणी आत येऊ शकत नव्हतं, नातवंडं काचेपलीकडून हात हलवायची. ज्या आजींनी मला पुस्तक दिलं, त्या तेव्हा होत्या. तुमचं गाणं लागलं की त्या बोटांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरायच्या आणि जेन यांनी सूर बरोबर लावला की मोठ्याने "शाब्बास" अशा अर्थाचं काहीतरी म्हणायच्या. गायला बसलेली दोन साधी माणसं, मागे घरातलंच सामान. तुम्हाला त्याची काही गरज नव्हती. तरी रोज गायलात. चांगली माणसं अशीच वागतात. जवळ जे असेल ते पुढे करतात, आणि घेणारा कोण आहे हे बघत नाहीत. काकांजवळ सतरंजी होती, तुमच्याजवळ आवाज.

२०२३च्या डिसेंबरात तुमच्या हृदयावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली, ही बातमी मी आईला सांगितली. तिने देवाजवळ साखर ठेवली. पुढच्याच वर्षी तुम्ही कोल्ड चिझलच्या पन्नाशीच्या दौऱ्यावर निघालात म्हटल्यावर मात्र ती चिडली. या वयात, छाती उघडलेली असताना, एवढं ओरडून गायचं? तिचा निरोप आहे, तो जसाच्या तसा लिहिते: "जिमीला म्हणावं, तब्येतीला जप. घसा गरम पाण्यानं शेकत जा. आणि तुझ्या त्या रेजला माझा नमस्कार सांगितलाय म्हणून सांग."

रेज आता नाहीत, हे मी तिला सांगितलेलं नाही. त्यांचं आडनाव ज्यांनी लावलं, त्यांच्याकडे हा नमस्कार देते आहे. जॉबरकाकांना द्यायचा राहिलेलाही त्यातच धरा.

आपली कृतज्ञ,
इचलकरंजीची एक लेक
मुक्काम अ‍ॅडलेड