भाटकाराच्या माळ्यावरचे कागद : मदतीसाठी आवाहन

ग्रामस्थांस सप्रेम नमस्कार.

फोंडा तालुक्यातल्या आपल्या गावच्या जुन्या भाटकार (जमीनदार) घराण्याने माळा उतरवताना सापडलेले चार पेटारे कागद वाचनालयाच्या स्वाधीन केले आहेत. पाच पिढ्यांचा पसारा आहे : मोडीतल्या कीर्दी-खतावण्या, देवस्थानाच्या उत्सवांचे जमाखर्च, पोर्तुगीज खरेदीखते, वाटण्यांचे इन्व्हेंतार (वारसांत वाटायच्या मालमत्तेच्या याद्या), १९६१ नंतरची कूळकायद्याची प्रकरणे.

वाळवीने एक पेटारा जवळजवळ संपवला आहे. मोडी कागदांवरची काजळीची शाई अजून तकतकीत आहे. पोर्तुगीज कागदांवर मात्र हिराकशीची (लोखंडाच्या क्षाराची) शाई; तिने अक्षरांच्या जागी भोके पाडली आहेत. आणखी एक पावसाळा ते कागद काढणार नाहीत.

‘भाटकाराचे कागद, आमकां कितें?’ असे सभेत एकाने विचारले. विचारणे रास्तच. पण खंडाच्या वहीत नावे आहेत ती कुळांची : कोणी किती खंडी भात घातले, कोणाची बाकी राहिली. ज्यांच्या घरात कागदाचा कपटा नव्हता, त्यांचा पणजा इथे सापडेल. काही आकडे घराण्याला शोभणारे नाहीत. तेही जपा, असे घरच्या थोरल्या काकींनीच बजावले. (खाजगी पत्रे तेवढी त्यांच्या इच्छेनुसार बंद राहतील.) पणजी शहरातल्या म्हामाय कामत घराण्याचे कागद पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात पोचले, म्हणून तर अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या गोव्याच्या व्यापाराचा, अफू आणि गुलामांच्याही खरेदी-विक्रीचा माग अभ्यासकांना लागला.

कागदांचे रुमाल (गठ्ठे) बांधायला कोरा मांजरपाट, आम्लरहित पुठ्ठ्याचे खोके, फाटक्या पानांसाठी जपानी टिश्यू आणि एक स्कॅनर हवा आहे. देणगी कितीही चालेल, पावती मिळेल. पण पैशांहून अडले आहे ते वाचणाऱ्यांवाचून. मोडी वाचणारे गावात दोघेच. पोर्तुगीज वाचणारी, लिसेंवात (पोर्तुगीज काळातल्या माध्यमिक शाळेत) शिकलेली मंडळी आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी बसल्या जागी वाचून दाखवावे, मुले लिहून घेतील. रविवारी सकाळी वाचनालयात या, नाहीतर निरोप पाठवा, आम्ही घरी येतो.

तोवर आपापल्या घरचे जुने कागद कडक उन्हात घालू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते. धुतलेल्या जुन्या धोतरात गुंडाळले तरी पुरे. आणि चवथीच्या साफसफाईत एखादे बोचके जाळायला निघालात, तर आधी आम्हांला हाक मारा.

आपली,
वाचनालय समिती