आर्द्रेचा तारा आणि किनाऱ्यावरचे झोत

महोदय,

आर्द्रा म्हटले की आपल्याला पाऊस आठवतो. पण आर्द्रेचा तो तांबूस तारा, काक्षी, म्हातारा झालाय. तोही सूर्याहून वयाने कितीतरी लहान असताना! सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा, काक्षी जेमतेम एक कोटीच्या आसपास. वस्तुमान जास्त, म्हणून गाभा अधिक तापलेला, म्हणून इंधनाची उधळपट्टी. गाभ्यातला हायड्रोजन संपला आणि बाहेरचे थर फुगून थंड, लाल झाले. २०१९-२० मध्ये तो मंदावला तेव्हा ‘आता फुटणार’ अशी आवई उठली होती. निघाली त्यानेच बाहेर टाकलेली धूळ! स्फोट होईल तो गाभ्यात लोखंड साठल्यावर. लोखंडाच्या संमीलनातून (अणुकेंद्रे एकमेकांत मिसळण्यातून) ऊर्जा मिळत नाही, मग गाभा स्वतःच्या भाराने कोसळतो.

हे सगळे नातवंडांना दाखवायला जानेवारीत पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर गेलो. झगमगाटात काक्षी दिसला, पण त्याच मृग तारकासमूहातला तेजोमेघ, जिथे नवे तारे जन्मतात, तो काही सापडेना. किनाऱ्यावरच्या दिव्यांची तोंडे निदान खाली वळवावीत. मोरजी-आगोंदच्या किनाऱ्यांवर अंडी घालणाऱ्या, झोतांनी वाट चुकणाऱ्या कासवांनाही ते बरेच पडेल.

– एक वाचक, फोंडा