चोराच्या तोंडून ऐकलेली गोष्ट

महोदय,

आपल्या पुस्तकांच्या पानावर रहस्यकादंबरीला क्वचितच जागा मिळते, म्हणून हे पत्र. बत्तीस वर्षं मी कुलूपं दुरुस्त केली, हरवलेल्या किल्ल्या घडवून दिल्या. गेल्या आठवड्यात क्रिस यूअन यांची २००७ साली आलेली 'द गुड थीफ्स गाइड टू अ‍ॅमस्टरडॅम' हाती लागली आणि दोन रात्री जागून संपवली.

निवेदक चार्ली हॉवर्ड रहस्यकथा लिहितो आणि चोऱ्याही करतो. एक अमेरिकन गृहस्थ त्याला माकडांच्या दोन छोट्या मूर्ती चोरायला सांगतो. एक फ्लॅटमध्ये, दुसरी हाउसबोटीवर. पुढचं सांगत नाही.

मला गुंतवलं ते त्याच्या दोन धंद्यांनी. साध्या पिनांच्या कुलपात पाच-सहा पिना असतात, प्रत्येकीवर स्प्रिंग. किल्लीशिवाय ते उघडताना एकेक पिन जागेवर बसते तेव्हा बोटाला केसाएवढी हालचाल कळते. तिथे घाई चालत नाही. हाच चार्ली स्वतःच्या कादंबरीत अडकतो, तेव्हा लंडनमधल्या आपल्या एजंटला, व्हिक्टोरियाला, फोन लावून कथानकातला अडलेला दुवा शोधत बसतो. एक पिन बसेना की सगळं कुलूप अडतं, तसंच ते. वाचताना माझी बोटं आपोआप हलत होती.

चोरानं स्वतः आपलं कसब सांगावं, हे आपल्याला नवं नाही. 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकातला चोर शर्विलक आठवा. चारुदत्ताच्या भिंतीला भोक कमळासारखं पाडावं, सूर्यासारखं की चंद्रकोरीसारखं, याचा तो शांतपणे विचार करतो आणि पूर्णकुंभाचा आकार ठरवतो. मापाची दोरी विसरली, तर गळ्यातलं जानवं काढून भिंत मोजतो! हा प्रसंग मी कितीदा वाचला असेल. कारागीर आहे हो तो, चोर असला तरी.

अशा पुस्तकांनी चोरांचं कौतुक होतं, असं काही जण म्हणतात. चोरी झालेल्या घरांत नवं कुलूप बसवायला मी पुष्कळदा गेलोय. एका बाईंनी माझं काम संपेपर्यंत जुनी किल्ली मुठीत घट्ट धरून ठेवली होती. निघताना पाहिलं, तळव्यावर किल्लीचे दात उमटले होते. चोरीचं कौतुक मला कुठून असणार? पण सांगणारा चोर आहे आणि वर गोष्टी रचणाराही आहे, हे पहिल्यापासून ठाऊक असलं की प्रत्येक वाक्य आपण हलवून, ओढून बघतो. नवं कुलूप बसवल्यावर दार ओढून बघावं तसं. इतकं सावध राहून वाचण्यात जो आनंद आहे, तो मला दुसऱ्या कुठल्या पुस्तकात फारसा मिळाला नाही.

तेव्हा या प्रकारच्या कादंबऱ्यांवर सविस्तर लिहून घ्यावं, ही विनंती. परीक्षणात शेवट मात्र फोडू नये.

आपला,
एक निवृत्त कुलूपवाला