छोटी रिळं भंगारात नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गिरगाव-लालबागच्या चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत, पोटमाळे उपसले जात आहेत. तिथल्या घंगाळाला, शिसवी देव्हाऱ्याला गिऱ्हाईक लगेच मिळतं. बशीएवढ्या डबीतलं आठ मिलिमीटर फिल्मचं रीळ मात्र कुणालाच नको असतं. मी शाळेत प्रयोगशाळा सहायक होतो. सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर चालवणं, तुटलेली फिल्म सांधणं माझ्याकडेच असे. त्यातूनच घरी दाखवायच्या कार्टून फिल्म जमवण्याचा नाद लागला, म्हणून हे पत्र.

कोडॅकने ८ मिमी फिल्म १९३२ साली आणली आणि तिचीच सुधारित, जरा मोठं चित्र बसणारी ‘सुपर ८’ १९६५ साली. परदेशी कंपन्या मिकी, डोनाल्ड, पॉपाय अशी कार्टूनं या फिल्मवर छापून घरी दाखवण्यासाठी विकत. आमच्या भागात ती आली बोटीवर नोकरीला असलेल्या मामा-काकांच्या बॅगेतून. पन्नास फुटी रिळावर सुपर ८ जेमतेम साडेतीन मिनिटं चालते, त्यामुळे सात मिनिटांच्या कार्टूनला सरळ कात्री लागे. मूळ चित्र रंगीत असलं तरी स्वस्तातली प्रत काळीपांढरी आणि मुकी, संवादांच्या जागी पाट्या. त्या इंग्रजी पाट्या आम्हा पोरांना कुठल्या वाचता येणार! मग आमच्या चाळीतले मिलमधले एक टाइमकीपर भिंतीवरच्या चादरीशेजारी उभं राहून बोलून दाखवायचे. त्यांच्या तोंडी डोनाल्ड ‘बदकराव’ झाला होता आणि भाडं थकल्यामुळे तो घरमालकावर चिडलेला असे. मूळ गोष्ट काय होती ते मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. ती टाइमकीपरांच्या गोष्टीपुढे फिकी होती, हे माझं प्रामाणिक मत.

‘हे सगळं यूट्यूबवर आहे की’, असं मुलं म्हणतात. यूट्यूबवर आहे ते मूळ चित्र. पन्नास फुटांत कापून बसवलेली, वेगळ्या पाट्यांची आवृत्ती बऱ्याचदा या डबीतच उरलेली असते. शिवाय आणखी एक गोष्ट आहे, ती घरच्यांनाही माहीत नसते. लोक स्वतः काढलेल्या छोट्या फिल्म्स कार्टूनच्या शेपटीला जोडून एकच मोठं रीळ करत. सारखं रीळ बदलायची कटकट नको म्हणून. माझ्याकडच्या एका डबीवर फक्त ‘मिकी’ लिहिलेलं आहे. मिकी संपतो, सांध्याची पट्टी खटकन पुढे सरकते आणि एकदम कुणाची तरी मुंज! मातृभोजनाच्या ताटावर बसलेला गोटा केलेला मुलगा कॅमेऱ्याकडे बघून जीभ काढतो. पाठोपाठ गिरगाव चौपाटीवरचं विसर्जन. रंग टिकवून ठेवणारी कोडाक्रोम फिल्म असल्यामुळे गुलाल अजून गुलालाच्याच रंगाचा आहे. हे कुटुंब कोण, कुणालाच ठाऊक नाही. डबी चोरबाजारातून माझ्याकडे आली. तिथे पत्र्याच्या जुन्या डब्यांना आणि प्रोजेक्टरला हॉटेलांच्या सजावटीसाठी बरा भाव येतो. आतली फिल्म उलगडून टाकून दिलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

ज्यांच्या घरी अशी रिळं असतील त्यांनी आधी वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्मचा पाया असलेलं अ‍ॅसिटेट कुजायला लागलं आहे. ते रीळ ताबडतोब इतरांपासून वेगळं ठेवावं, कारण त्या वाफेने शेजारची फिल्मही बिघडते. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नये, आम्ल आतच कोंडतं. चित्र गुलाबी झालेलं असेल तर निळसर रंग उडाला आहे. तो परत येत नाही, पण स्कॅन करताना थोडाफार सावरता येतो. आपल्या पावसाळ्यात बुरशी फिल्मवरचं जिलेटीन खाते, म्हणून पोटमाळा आणि मोरीजवळचं कपाट नको. आणि हौसेने जुन्या प्रोजेक्टरवर चढवून बघू नका. आक्रसलेल्या फिल्मची भोकं प्रोजेक्टरच्या नखीत, म्हणजे फिल्म पुढे ओढणाऱ्या आकड्यात, बसत नाहीत, ती फाटत जातात. फिल्म अडकली तर दिव्याच्या उष्णतेने चित्र डोळ्यांदेखत वितळतं.

पेडर रोडला गुलशन महालात चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, पुण्यात १९६४ पासून फिल्म संग्रहालय आहे. मोठ्या पडद्याच्या चित्रपटांची काळजी तिथे घेतली जाते. परदेशात गेली वीसेक वर्षं ‘होम मूव्ही डे’ भरतो: लोक घरची रिळं घेऊन येतात, जाणकार ती तपासतात आणि चालण्याजोगी तिथेच दाखवतात. गुलशन महालात दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत असा एक दिवस ठेवावा. फिल्म तपासायचं टेबल, भिंग आणि सांधायची पट्टी एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. सांधायला मी येईन, मानधन नको. आणि रीळ आणणाऱ्यांनी डबीवर ‘मिकी’ लिहिलंय म्हणून ती घरी ठेवू नये, तीही आणावी.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
दहिसर (पूर्व), मुंबई