डबा उघडून बसलेल्या सरांना

सर, सप्रेम नमस्कार.

शिडाच्या बोटीच्या स्किपरचं प्रमाणपत्र हातात पडलंय, पण मी अजून भानावर आलेले नाही. पत्र विस्कळीत होईल, सांभाळून घ्या.

तुमच्याआधी मी दुसरीकडे पैसे भरले होते. नाव घेत नाही. बेळगावकडचं खानापूर म्हटल्यावर तिथले गुरुजी हसले, "घाटावरच्यांना समुद्र काय कळणार?" मग मोसमभर दोर गुंडाळ, डेक धू. सुकाणू काही हाती आलं नाही. आता त्यांना काय सांगायचं, की गोव्यातल्या मांडवी नदीचं पाणी आमच्याच तालुक्यातल्या भीमगडच्या रानातून म्हादई होऊन खाली उतरतं? दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ज्या शिडाच्या बोटीतून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तिचं नावही म्हादईच.

पण मला सांगायचंय ते गोव्यातल्या आग्वाद किल्ल्याबाहेरच्या त्या दुपारचं. वारा वाढलेला, बोट कललेली आणि समोर जाळं टाकलेला ट्रॉलर. अशा वेळी शिडाच्या बोटीनंच वाट द्यायची, हा नियम वहीत पाठ होता. तरी मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पाठ फिरवलीत, डबा उघडलात आणि बांगड्याचे काटे काढत बसलात! मी "टॅक घेतेय" म्हणून ओरडले, म्हणजे बोटीचं नाक वाऱ्यातून पलीकडे वळवतेय, आणि सुकाणू ढकललं. बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, डोक्यावरून गेला, शीड फडफडलं आणि दुसऱ्या बाजूनं वाऱ्यानं भरलं. तुम्ही फक्त डबा या मांडीवरून त्या मांडीवर घेतलात. डावा हात मात्र सगळा वेळ मेनशीटपाशी, म्हणजे मोठ्या शिडाच्या दोरापाशी होता, ते मी पाहिलं होतं बरं का.

बाकीचं शिक्षण पुस्तकातही मिळालं असतं. असा भरवसा आजवर कुणी टाकला नव्हता.

आमच्या सीमाभागात बऱ्याच खिडक्यांवर आधी माणसाची भाषा बघतात, मग कागद. तुम्ही कोकणीत सांगायचात, मी मराठीत विचारायचे, धारवाडचा तो मुलगा कन्नडमध्ये पुटपुटत गाठ मारायचा. तुम्ही बघायचात ती बोलाईनची गाठ सरकत तर नाही ना, एवढंच. इतकी साधी माणुसकी लोकांना का जड जाते, कोण जाणे.

आमच्या गल्लीतल्या दोघी पोरी आता मागे लागल्यात. न विचारताच तुमचा नंबर देऊन टाकलाय. पावसाळा सरला की येतील. एक शाकाहारी आहे, डब्याचं तेवढं बघा.

तुमची,
खानापूरची विद्यार्थिनी