तुझ्या बारा सुरांविषयी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी बारा सुरांची ओळ, म्हणजे सप्तकातले बाराही सूर एकेकदाच घेऊन लावलेला क्रम, मिळाली. नियम सगळे पाळलेस, पण वाजवल्यावर गणिताची वही ऐकतोय असं वाटलं, म्हणतोस. आणि आता हे लिहितं कोण, मग शिकायचं कशाला, असंही विचारतोस.

ऑस्ट्रियन संगीतकार शोनबर्गने १९०८च्या सुमारास मुक्कामाचा सूर सोडला. षड्जच नाही असं संगीत. बारा सुरांची पद्धत मात्र त्याला १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला सापडली. मधली वर्षं तो निव्वळ कानाच्या भरवशावर लिहीत होता. परतायला घर नाही, तर लांब रचना तोलून धरायची कशी, हा त्याचा प्रश्न होता. त्या काळातल्या कितीतरी रचना म्हणूनच आखूड आहेत किंवा कवितेच्या आधाराने उभ्या आहेत. ओळ निघाली ती या अडचणीतून. सरळ, शेवटून सुरुवातीकडे, चढ-उतार पालटलेली, तीही शेवटून सुरुवातीकडे, अशी बारा पट्ट्यांत मिळून ४८ रूपं होतात. पण तो सगळा कच्चा माल. तू कच्चा मालच वाजवून पाहिलास.

आता त्याचा शिष्य बेर्ग, त्याची ओळ बघ, १९३५च्या व्हायोलिन कॉन्चेर्टोची: जी, बी फ्लॅट, डी, एफ शार्प, ए, सी, ई, जी शार्प, बी, सी शार्प, डी शार्प, एफ. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा सूर घे. जी, डी, ए, ई. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा! त्या प्रत्येकीपासून सलग तीन सूर वाजव: मायनर, मेजर, मायनर, मेजर अशा तीन सुरांच्या संगती मिळतात. शेवटचे चार सूर पूर्ण स्वरांच्या पायऱ्यांनी चढतात, आणि बाखच्या एका कोरालची, म्हणजे चर्चमधल्या स्तोत्राची, सुरुवात अगदी तशीच आहे. १८व्या वर्षी गेलेल्या, बेर्गच्या मैत्रिणीच्या मुलीच्या, मानोन ग्रोपियुसच्या आठवणीत लिहिलेल्या या रचनेत तो कोराल येतो, तेव्हा तो बाहेरून आणल्यासारखा वाटत नाही. तिथे मला दरवेळी भरून येतं.

पुढे १९५०च्या दशकात फ्रेंच संगीतकार बुलेझसारख्या तरुणांनी सुरांची लांबी आणि जोरही ओळीत बसवले, आणि जो हे करत नाही तो मागासलेला असं वातावरण झालं. ते मला कधीच पटलं नाही. एस्टोनियाच्या आर्व्हो पेर्ट या संगीतकारानेही बारा सुरांत लिहिलं, मग बराच काळ जवळजवळ गप्प राहिला, आणि १९७६मध्ये साध्या त्रिस्वरांवर, म्हणजे तीन सुरांच्या संगतींवर, आला. आजचे रचनाकार बहुतेक असेच मोकळे आहेत: कुणी चार मापांपुरती ओळ घेतो, कुणी तिच्यातून फक्त स्वरसंगती काढतो, कुणी तिला हातही लावत नाही. पण अमुक सूर इथे का, हा प्रश्न ओळीवर काम केलेल्याला जास्त छळतो, असं मला मनापासून वाटतं.

तुझ्या सहाव्या-सातव्या सुरामधली ती मोठी उडी मी पाचदा वाजवली. ती गणिताची नाही, तुझी आहे. तेवढ्याच दोन सुरांवर आठ मापं लिही, सेलोसाठी, आणि पाठव.

तुझी,
आई