फोटो पाठवत नाही, बाबा

मार्से, रविवार रात्र

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

(आई, तुलाही नमस्कार. बाबांचा चष्मा सापडेपर्यंत हे पत्र तूच मोठ्याने वाचणार, हे मला ठाऊक आहे.)

मागच्या वेळी फोनवर तुम्ही म्हणालात, "तिकडचे दोन-चार चांगले फोटो पाठव, चित्र करायला होतील." त्यासाठीच काल इथे दक्षिण फ्रान्समधल्याच एक्स या गावाला जाऊन आले. इथून बसने पाऊण तासही लागत नाही. फोटो सत्तरएक काढले. पाठवत एकही नाही. थांबा, लगेच चिडू नका.

एक्स हे चित्रकार पॉल सेझानचं गाव. 1839 साली तो इथे जन्मला आणि 1906 साली इथेच वारला. मधल्या काळात पॅरिसला त्याचं जाणं-येणं पुष्कळ होतं. पण चित्रासाठी तो पुन्हा पुन्हा वळला तो गावाच्या पूर्वेकडच्या डोंगराकडे, सेंत-व्हिक्तुआरकडे. उंची 1011 मीटर, पांढुरक्या चुनखडीचा, सकाळी राखाडी आणि उन्हं कलली की गुलाबी. या एका डोंगराची तीसहून जास्त तैलचित्रं आहेत, जलरंगातली वेगळीच.

एक किस्सा तुम्हाला आवडेल. 1878 मध्ये मार्सेला जाताना त्याला आगगाडीतून हा डोंगर दिसला आणि तो म्हणाला, काय सुंदर विषय आहे! सोबत चित्रकलेच्या शाळेचे मुख्य होते. ते म्हणाले, रेषा फार हेलकावतात. हे सेझाननेच आपल्या बालमित्राला, लेखक एमिल झोलाला, पत्रातून कळवलंय. जन्मापासून डोळ्यांसमोर असलेला डोंगर त्याला गाडीच्या खिडकीतून नवा दिसला, आणि मास्तरांना त्यात चूक दिसली. मास्तर सगळीकडे सारखेच. (तुम्ही सोडून.)

गावाच्या उत्तरेला चढावर त्याने बांधून घेतलेला स्टुडिओ आहे. 1902 पासून तो तिथे काम करायचा. उत्तरेला भलीमोठी खिडकी, फळीवर कवट्या, प्लास्टरची मूर्ती, बरण्या. पण मला सगळ्यात आवडली ती भिंतीतली फट. खोली वरच्या मजल्यावर, आणि मोठे कॅनव्हास जिन्याने उतरेनात, म्हणून त्याने भिंतीतच एक उंच, अरुंद फट ठेवून घेतली. चित्रं तिथून बाहेर. माणसाने घर बांधताना आधी चित्राच्या दाराचा विचार केला!

तिथून आणखी चढून गेलं की ती जागा येते जिथे तो म्हातारपणी डोंगर रंगवायला बसायचा. आता आजूबाजूला बंगले झालेत. तिथे त्याच्या चित्रांच्या प्रती फलकांवर लावल्या आहेत, म्हणजे एका नजरेत चित्र आणि दुसऱ्या नजरेत डोंगर. मी फोन काढला, फोटो घेतला आणि बघितला तर काय, डोंगर नखाएवढा! खाली झाडं, घरं, मैदानच मैदान आणि मागे कुठेतरी तो. झूम केलं. डोंगर मोठा झाला, पण मैदान गायब. फलकावरच्या चित्रात मात्र दोन्ही होतं. पुढचं अख्खं मैदान होतं आणि त्यावर बसलेला भला दांडगा डोंगरही. अभ्यासकांनी त्याच्या जागा शोधून तिथून फोटो काढून ताडून पाहिलेत, तिथेही हेच निघालंय. फोटोत डोंगर लहान, चित्रात मोठा.

मग मी फोन पिशवीत टाकला आणि वहीत पेन्सिलने काढायला बसले. तुम्ही शिकवलेलं सगळं विसरलेय हे दहा मिनिटांत कळलं. पण एक गोष्ट झाली. माझ्या कागदावरही डोंगर मोठाच आला. मुद्दाम नाही केलं, बाबा. त्याच्याकडेच बघत होते, तर तो मोठा झाला.

फलकांवरची चित्रं मी अगदी जवळ जाऊन पाहिली. जवळून घर, झाड असं काहीच नाही. बोटाएवढे पट्टे, एकाला एक लागून. हिरवा, गेरूसारखा, मग एकदम जांभळट निळा. छप्पर म्हणजे नारिंगी रंगाचा एकच फटकारा. आकाशातही मध्येच हिरवा आहे, जणू खालची झाडंच वर गेली. चार पावलं मागे आले, तर शेतं आडवी पसरली आणि डोंगर उभा राहिला. पुन्हा पुढे गेले, पुन्हा पट्टे. हे मी इतक्या वेळा केलं की शेजारच्या आजीबाई हसायला लागल्या.

आता मुद्द्याचं. 1896 मध्ये सेझान आल्प्सकडे आनेसीच्या तळ्याकाठी राहायला गेला होता. तळं, पलीकडे डोंगर, सगळं देखणं. त्याने मित्राला लिहिलं की हा निसर्गच आहे, पण प्रवासाला निघालेल्या मुलींच्या चित्रवहीत बघायला शिकवतात तसा. कंटाळा घालवायला म्हणून तिथेही चित्र काढत बसला. आणि त्याच दिवसांत दुसऱ्या एका मित्राला लिहिलं, त्याचा अर्थ साधारण असा : तिकडे (म्हणजे आपल्या एक्सकडे) जन्मलं की संपलंच, मग दुसरं काही मनाला भिडत नाही.

हे वाचलं आणि मला आपल्या हॉलमधलं तुमचं चित्र आठवलं. कॅलेंडरवरून काढलेलं तळं, मागे बर्फाचा डोंगर. आल्यागेल्याला तुम्ही तेच दाखवता. खरं सांगू? त्या आनेसीच्या मुलींच्या वहीतलंच आहे ते. सुबक आहे, पण तुम्ही तिथे कधी उभेच राहिला नाहीत. आणि कपाटावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली गच्चीवरून दिसणाऱ्या टेकडीची चित्रं? ती कुणाला दाखवत नाही. मीही लहानपणी म्हणायचे, बाबा, पुन्हा तीच टेकडी? (सेझान मरणाच्या साधारण दीड महिना आधी मुलाला लिहितो की नदीकाठी एकाच जागी बसून, थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे झुकलं तरी महिनोन्महिने पुरेल इतकं काम आहे. त्याच्या घरी कुणी असं विचारत असेल का, कोण जाणे.)

तर मी इथले फोटो पाठवले की तुम्ही त्यावरून आणखी एक कॅलेंडर रंगवणार. त्यापेक्षा कपाटावरचं गाठोडं खाली काढा. पावसाळ्यानंतरची ती एक आहे ना, उजव्या कोपऱ्यात कागद कोराच सोडलेली, ती हॉलमध्ये लावा. जलरंगात तोही कागद असाच कोरा सोडायचा, आणि उजेड तिथूनच येतो.

राहिला विजेच्या खांबाचा प्रश्न. आई दर वेळी म्हणते, "खांब कुठे गेला? टेकडीसमोर खांब आहे." आणि तुम्ही म्हणता, मला दिसत नाही. मी आजवर आईच्या बाजूने होते. पण सेंत-व्हिक्तुआरच्या माथ्यावर एक मोठा लोखंडी क्रूस आहे, 1870 च्या दशकातला. त्या आजीबाईंनीच मला बोटाने दाखवला, नाहीतर माझ्या लक्षातही आला नसता. मग मी सगळे फलक पुन्हा फिरून तपासले. एकाही चित्रात क्रूस नाही.

आई, माफ कर.

तुमची,
चिमी

ता. क. माझं पेन्सिलचं चित्र सोबत आहे. डावीकडचा काळा डाग म्हणजे ढग नाही. इथे मिस्त्राल नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, त्याने वही उलटली आणि मी तळव्याने धरली. पुसू नका.